परकीय वास

कळमन्याच्या यार्डात पहाटे पाच पन्नासला
आंबियाचा माल उतरतो.
हॅलोजनखाली ढीग आहे त्याहून पिवळा दिसतो
आणि मी मफलरमधून नाक बाहेर काढतो,
सवयीने.

नाकाचा आता काही उपयोग नाही.
तापाच्या त्या वर्षी वास गेला
तो परत आलाच नाही.
तेव्हापासून चहा म्हणजे गरम,
अत्तर म्हणजे ओलं,
नव्या साडीचा फक्त रंग.
ऑफिसात सांगितलं नाही.
कोणत्या अर्जावर सांगायचं असतं हे?

बाकी सगळं जमतं.
फळ रिंगेतून गेलं की लहान, अडलं की मोठं.
देठाची टिकली हिरवी आहे का, बघायचं.
कोळशी ओल्या फडक्याने जाते,
पतंगाने केलेलं टाचणीएवढं भोक जात नाही.
रसाचा एक थेंब काचेवर,
काच उजेडाकडे,
आतलं निळं जिथे संपतं तो आकडा:
दहा पूर्णांक चार.
हात चालतात, डोळे चालतात, पेन चालतं.

मग येते अकरावी ओळ.
परकीय वास: आहे / नाही.

तीन हंगाम मी 'नाही'वर खूण केली.
तसं ते खोटं नव्हतं.
मला कुठलाच आला नव्हता,
परकीय नाही
आणि स्वकीयही नाही.

चौथ्या हंगामात वरुडहून ट्रक आला,
दोनशे क्रेट, कागद बेनापोलपर्यंतचे.
मुनीम टावरी घड्याळ बघत उभा,
मी पेनाचं टोपण काढलेलं,
आणि छाटणीच्या ओळीतून बेबीनंदा नेवारे म्हणाली,
"थांबा ना जी साहेब.
ह्या क्रेटाले औषधाचा वास येऊन रायला.
तुमाले नाई येत का?"

मी वाकलो.
नाटकातल्यासारखा मोठा श्वास घेतला,
भुवया आवळल्या, मान हलवली.
ती क्रेटकडे बघतच नव्हती.
माझ्याकडे बघत होती.

"नाई येत," ती म्हणाली.
विचारलं नाही, म्हणाली.
तेही इतकं हळू
की टावरीला ऐकू गेलं नाही.

ताडपत्रीखाली फवारणीची टाकी निघाली,
आडवी, झाकण सैल,
सात क्रेट खालून भिजलेले.
टावरी म्हणाला, "सातच तर आहेत."
मी लिहिलं, सात.
अक्षर नेहमीपेक्षा बरं आलं.

त्या दिवसापासून असं आहे:
मी अकराव्या ओळीवर आलो
की ती समोरून एक फळ उचलते, हुंगते,
परत ठेवलं तर नाही,
बाजूला ठेवलं तर आहे.
आमच्यात यावर बोलणं झालेलं नाही.
ती मला साहेब म्हणते
आणि मी तिला काही म्हणत नाही,
कारण प्रमाणपत्रावर सही माझी, शिक्का सरकारचा,
आणि नाक
तीनशे वीस रुपये रोजाने आलेलं,
ज्याला मस्टरवरही अंगठाच आहे.

एकदा मात्र विचारलं.
जानेवारी होता, धुकं यार्डाच्या आत शिरलेलं,
हमाल शेकोटीपाशी.
म्हटलं, कसा असतो गं आता?
म्हणजे, पूर्वी असायचा तसाच का?

तिने विचार केला.
मग सोललेल्या संत्र्याची साल घेतली,
दुमडली,
माझ्या तोंडासमोर धरून चिमटली.

बारीक तुषार.
डोळे चुरचुरले, पाणी आलं,
चष्म्यावर पिवळे ठिपके.

"आला?"

आला, मी म्हणालो.
ती हसली, साल शेकोटीत टाकली,
तिथे ती तडतडली, निळसर पेटली.
पुढचा ट्रक मागे येत होता,
कुणीतरी ओरडत होतं, येऊ दे, येऊ दे, बस्स.
मी रुमाल शोधत होतो,
आणि तक्त्यावर अकरावी ओळ
अजून कोरी होती.